अक्काच्या कमरेची किल्ली

एकदा एका सुपारीच्या व्यापाऱ्याला चोरांची धास्ती लागली, आणि त्या धास्तीपायी त्याने आपल्या घराचे जे नुकसान करून घेतले ते एखाद्या सराईत चोरालाही जमले नसते.

घाटमाथ्यावरच्या एका पेठेत त्याचे घर होते. पुढे दुकान, मागे राहते घर आणि मध्ये कोठीची खोली. माणूस वाईट नव्हता. वजनात खोट करत नव्हता, दारी आलेल्याला विन्मुख पाठवत नव्हता. घरात बायको होती, एक लहान मुलगी होती आणि थोरली विधवा बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. आई लवकर गेली तेव्हा व्यापाऱ्याला लहानाचे मोठे केले ते याच अक्काने. पुढे तिचे लग्न झाले, काही वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आली त्याच दिवशी तिने आपले दागिने आईच्या दागिन्यांच्या पेटीत ठेवले आणि म्हणाली, "मला आता काय करायचेत, बापू? तुला पोरं होतील, त्यांच्या लग्नात घाल."

व्यापाऱ्याने त्या दिवशी कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. तेव्हापासून ती किल्ली अक्काच्या कमरेला होती. सकाळी किल्लीचा बारीक आवाज आला की घराला कळे, अक्का उठली. धान्य काढायचे, तूप काढायचे, पाहुण्यांसाठी सुपारी काढायची, सगळे तिच्या हातून. त्या किल्लीबद्दल घरात कधी कुणी बोलत नसे, कारण बोलण्यासारखे त्यात काही नव्हते.

एका वर्षी पावसाळा सरता सरता पेठेत घरफोडी झाली. चोरांनी एका कापडवाल्याच्या घराची मागची भिंत फोडली आणि तांब्याच्या हंड्यापर्यंत सगळे नेले. मग आणखी एका घरी तसेच झाले. पेठेत दुसरा विषय उरला नाही. व्यापाऱ्याच्या तर तोंडचे पाणी पळाले. त्याने खिडक्यांना लोखंडी गज बसवले. परसाच्या भिंतीवर काचा लावून घेतल्या. दूरच्या शहरातून एक कुलूप मागवले, ते उचलायलाच दोन हात लागत. एक कुत्राही आणला. तो नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जीव तोडून भुंके आणि अनोळखी माणसापुढे शेपूट हलवी.

हे सगळे करण्यात चूक काहीच नव्हते. चोर खरे होते आणि भिंत फोडलेली सगळ्यांनी पाहिली होती. पण प्रत्येक नव्या कुलपाने व्यापाऱ्याला जेमतेम एका दिवसाची शांती मिळे आणि दुसऱ्या दिवशी नवी फट दिसू लागे. अक्का त्याची थट्टा करायची. म्हणायची, "बापू, चोराचं जाऊ दे, उद्या आपल्यालाच आपल्या घरात शिरायची पंचाईत होणार आहे." तो हसत नसे.

दसरा झाला की दरवर्षी तो कोकणात उतरायचा. बागा पाहायच्या, सुपारीचे सौदे ठरवायचे आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर परतायचे, हा त्याचा शिरस्ता. त्या वर्षी त्याचा पाय घरातून निघेना. पेटीचे काय करायचे, हा एकच प्रश्न त्याला छळत होता.

गावाबाहेर नदीकाठी एक वृद्ध गुरुजी राहत असत. सोबत त्यांचे काही शिष्य होते. कुणी त्यांच्याकडे भांडण मिटवायला जाई, कुणी नुसतेच घटकाभर बसायला जाई. व्यापारी पेटी धोतरात गुंडाळून त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "गुरुजी, मी परत येईपर्यंत एवढी पेटी ठेवून घ्या. तुमच्याइतका भरवशाचा माणूस मला दुसरा दिसत नाही."

गुरुजींनी पेटी उघडायला लावली. आत कुणाचे काय आहे, ते विचारले.

"ही पुतळ्यांची माळ आणि या पाटल्या आईच्या," व्यापारी म्हणाला. "ही वज्रटीक आणि या बुगड्या अक्काच्या."

"पेटी इथं आणल्याचं अक्कांना सांगितलंत?"

"नाही. कशाला उगाच."

"आणि घरात?"

"बायकोच्या पोटात काही राहत नाही, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. दाराशी टांगलेली घंटा त्यांनी स्वतः उठून वाजवली आणि आवारातल्या सगळ्यांना बोलावून घेतले. शिष्य आले, गाईंचे पाहणारा गडी आला, धुणे टाकून धुणेवाली बाईही आली. त्यांच्यापुढे पेटी ठेवून गुरुजी शांतपणे म्हणाले, "ही या शेटजींची ठेव. यात त्यांच्या आईची पुतळ्यांची माळ आणि पाटल्या आहेत, बहिणीची वज्रटीक आणि बुगड्या आहेत. पेटी मी पोथ्यांच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवतो. कपाटाला कुलूप लावतो. सगळ्यांनी लक्षात ठेवा."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. चोरांपासून लपवायची वस्तू या माणसाने दवंडी पिटून जाहीर केली होती. त्याने पुढे होऊन पेटी उचलली.

"मी फार विश्वासानं आलो होतो, गुरुजी."

"हो ना. म्हणून तर सगळ्यांना बोलावलं," गुरुजी म्हणाले.

एक तरुण शिष्य त्याला फाटकापर्यंत पोचवायला आला. त्यालाही गुरुजींचे वागणे उमगले नव्हते. व्यापारी मात्र वाटभर मनात म्हणत होता, की म्हातारा आता चळला, आणि आपले आपणच पाहिले पाहिजे.

त्याची एक जुनी बंडी होती, कापूस भरलेली, थंडीत घालायची. वर्षानुवर्षे वापरून तिच्यातल्या कापसाच्या गुठळ्या झाल्या होत्या. कोकणातल्या उकाड्यात तिचा उपयोग नव्हता, म्हणून ती दाराआडच्या खुंटीवर लटकत असे. व्यापाऱ्याला वाटले, हिच्याकडे कोणता चोर ढुंकून पाहील? एका दुपारी त्याने दार लोटून घेतले, बंडी उसवली आणि एकेक दागिना कापसात गुंडाळून आत घातला. सुईशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता. टाके वेडेवाकडे पडत होते, बोटाला सुई टोचत होती, पण मनात तो स्वतःवर भलताच खूश होता.

तेवढ्यात किल्लीचा आवाज आला आणि दारात अक्का उभी राहिली. "काय शिवतोयस रे? आण इकडे, मी घालते टाका."

त्याने बंडी मांडीखाली ओढली. "काही नाही. गुंडी तुटली होती. माझं मी करतो."

अक्का क्षणभर थांबली. "सुई अशी धरतात होय?" असे म्हणून ती हसली, पण हसू पुरते झाले नाही. ती निघून गेली.

रिकाम्या पेटीत व्यापाऱ्याने सुपाऱ्या भरल्या, पेटीला कुलूप घातले आणि अक्काने कोठी उघडली असताना तिची नजर चुकवून ती आत पूर्वीच्या जागी ठेवून दिली. चोर आलेच तर बसू देत चघळत. बंडी खुंटीवर गेली आणि तो कोकणात गेला. तिकडे त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

आता या हुशार माणसाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती त्याच्या घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक होती. दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये घर झाडून, सारवून, रंगवून निघते आणि जुनेपाने सगळे बाहेर जाते. दरवर्षी त्या दिवसांत तो कोकणात असे. घराची आवराआवर त्याने आयुष्यात पाहिलीच नव्हती. तो परते तेव्हा घर लख्ख झालेले असे, आणि ते आपोआप तसे होते अशी त्याची काहीशी समजूत होती.

परतला तेव्हा भिंतींना नवा चुना लागला होता. बायकोने नव्या कोऱ्या पितळी कळशीतून त्याच्या पायांवर पाणी घातले. मुलगी गळ्यात पडली. अक्काने गूळपाणी आणून दिले. तो आत गेला आणि पाहतो तर खुंटी रिकामी.

त्या क्षणी दारात येऊन त्याने एवढेच म्हणायला हवे होते, की माझी बंडी कुठे आहे. बस, इतकेच. कुठल्याही घरात कुठलाही पुरुष दिवसातून चार वेळा असले काहीतरी विचारतोच. पण त्याला ते विचारवेना. त्याने स्वतःशी हिशेब मांडला. बंडीत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हते. ज्या अर्थी बंडी गेली, त्या अर्थी कुणाला तरी माहीत झाले. आपण विचारले, तर तो सावध होईल आणि माल हलवील. तेव्हा गप्प राहायचे आणि पाहत राहायचे. गप्प राहून पाहता पाहता त्याला सुई हातात असतानाची ती दुपार आठवली, आणि दारात कोण उभे होते तेही आठवले.

एकदा ते आठवल्यावर त्याला दुसरे काही दिसेना. अक्का हसली तर वाटे, हिला कसला आनंद झालाय? गप्प बसली तर वाटे, हिच्या मनात काय चाललेय? भाऊबीजेला तिने ओवाळले तेव्हा तो तबकाकडे न बघता तिच्या हातांकडे बघत होता. अक्काच्या लक्षात आले असावे. तिने निरांजन जरा लवकरच खाली ठेवले.

एके दिवशी ती देवळात गेली असताना त्याने तिची ट्रंक उघडली. दोन लुगडी होती, एक शाल होती, आणि तळाशी जुन्या फडक्यात बांधलेले त्याचे स्वतःचे लहानपणीचे टोपडे होते. ते पाहूनही तो थांबला नाही. त्याने शाल झटकून पाहिली. मग सगळे होते तसे ठेवले, निदान त्याला तसे वाटले. पण लुगड्याची घडी बायकांच्या हातची वेगळी आणि सुपारीच्या व्यापाऱ्याच्या हातची वेगळी. संध्याकाळी अक्काने ट्रंक उघडली आणि बराच वेळ ती तशीच तिच्यापुढे बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "अक्का, कोठीची किल्ली दे. यापुढं मीच बघत जाईन."

अक्काने का म्हणून विचारले नाही. तिने कमरेची गाठ सोडायला घेतली. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ तो हात पुढे करून उभा होता. किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवून ती चुलीकडे वळली.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "सासरी पुतण्याकडं जाऊन येते. बरेच दिवस झाले." मुलीने रडून आकांत मांडला. बायको म्हणाली, "अहो, थांबवा ना त्यांना." व्यापाऱ्याने गाडी जोडून दिली. चोर हा शब्द त्या घरात कुणीही उच्चारला नाही. उच्चारला असता तर अक्काला निदान नाही तरी म्हणता आले असते.

ती गेल्यावर घर फार शांत झाले. सकाळी उठल्याचे कळायला किल्लीचा आवाज नव्हता. व्यापारी ती किल्ली बंडीच्या खुंटीवर टांगून ठेवी आणि हरघडी उठून कोठी उघडून देई. तूप कुठे आहे, पापडाचा डबा कुठे आहे, हे त्याला सापडत नसे. सोने तर मिळालेच नव्हते. शेवटी न राहवून तो पुन्हा गुरुजींकडे गेला. सगळी हकीकत सांगून म्हणाला, "गुरुजी, घरची अब्रू आहे. आरडाओरडा नको. तिच्याकडून ते परत कसं मिळवावं, एवढं सांगा."

गुरुजी काही बोलायच्या आतच त्यांच्या मागे बसलेला तो तरुण शिष्य म्हणाला, "पण शेटजी, त्यातली वज्रटीक आणि बुगड्या तर अक्कांच्याच ना? त्या दिवशी गुरुजींनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. मग आपलेच दागिने त्या चोरतील कशाला? मागितले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता?"

व्यापारी त्याच्याकडे पाहतच राहिला. कोणते दागिने कुणाचे, हे त्या परक्या मुलाच्या ध्यानात होते आणि त्याच्या स्वतःच्या ध्यानातून ते पार पुसून गेले होते. पेटीतले सगळेच सोने त्याला आपले वाटू लागले होते.

"बंडी कुठं गेली, हे घरात विचारलंत?" गुरुजींनी विचारले.

"नाही."

"का?"

"चोर सावध झाला असता."

"आता जाऊन विचारा," गुरुजी म्हणाले. "मग सवडीनं या."

तो घरी आला तेव्हा बायको विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. कमरेवर तीच पितळी कळशी होती. त्याने ओसरीवरूनच विचारले, "माझी ती जुनी बंडी कुठं आहे गं?"

"ही काय," बायको म्हणाली आणि तिने कळशीकडे मान वळवली. "बोहारणीला दिली. तिच्या बदल्यातच तर ही आली. बंडी आणि दोन जुनी धोतरं. एरवी चार-चार कपड्यांसाठी घासाघीस करणारी बाई, पण बंडी हातात घेतली आणि लगेच तयार झाली. चांगली जड आहे म्हणाली. का? थंडी वाजतेय? नवी शिवून घ्या ना."

व्यापारी खाली बसला. ज्या कळशीचे पाणी तो आल्यापासून पीत होता, तिच्याकडे त्याने एकदाही नीट पाहिले नव्हते.

"मला न विचारता दिलीस?"

"दरवर्षी दसरा झाला की अक्का ती उसवतात, कापूस पिंजून पुन्हा भरतात आणि तुम्ही यायच्या आत शिवून ठेवतात," ती म्हणाली. "यंदा त्यांनी हातच लावला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, बापूचं बापू करणार आहे. तुम्ही तर कोकणात. मला वाटलं, आता ती टाकायचीच असेल." मग त्याचा चेहरा पाहून तिने कळशी खाली ठेवली. "काय झालं? काय होतं तिच्यात?"

त्याने सांगितले. ती इतकेच म्हणाली, "आणि अक्का गेल्या त्या यासाठी."

बोहारीण सापडली. तिने सांगितले, कपड्यांचे गाठोडे तिने जुन्या बाजारात विकले. तिथून ते लांबच्या गावचे व्यापारी घेऊन जातात. बंडी आता कुठे असेल, देवाला ठाऊक. व्यापारी तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. ही खरे बोलते की खोटे? बंडी जड आहे हे तिला कळले होते. का जड आहे हेही कळले असेल का? प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला, आणि तिथेच त्याला जाणवले, की आपल्याला आता माणसाचे तोंड वाचता येत नाही. अक्काचे तोंड जन्मभर पाहिले आणि ते वाचता आले नाही, तर हिचे काय येणार? तो काही न विचारता परत फिरला. ते सोने पुढे कधीच मिळाले नाही. कुठल्यातरी गावात एखादा म्हातारा ती बंडी घालून शेकोटीशी बसत असेल, आणि ही एवढी जड का, याचा त्याला कधी पत्ताही लागला नसेल.

सोने गेल्याचे दुःख त्याला झाले, नाही असे नाही. पण त्याला अन्न गोड लागेना ते दुसऱ्याच कारणाने. तो गुरुजींकडे गेला तेव्हा त्याने सोन्याचा विषयच काढला नाही.

"मी पेटी आणली तेव्हा तुम्ही सगळ्यांना का बोलावलंत?" त्याने विचारले.

गुरुजी म्हणाले, "शेटजी, कुलूप मीही लावतो. जगात चोर आहेत आणि दार उघडं टाकून निजणं हा काही मोठेपणा नाही. पण कुलूप परक्यांसाठी असतं. घरातल्यांना सांगायचं असतं. सगळ्यांना माहीत असलेली वस्तू हरवली, तर सगळेच ती शोधायला लागतात. एकट्यालाच माहीत असलेली हरवली, तर त्या एकट्याला सगळेच चोर दिसायला लागतात. तुमची पेटी माझ्याकडून गेली असती, तर मला माझ्या एकाही माणसावर संशय घ्यायचा नव्हता. म्हणून मी त्यांना बोलावलं. सोन्याची राखण सोन्यापुरतीच करायची नसते हो. त्याच्या आजूबाजूला वावरणारी माणसंही राखायची असतात."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. व्यापारी म्हणाला, "हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही थांबला नाहीत," गुरुजी म्हणाले. मग पुढे म्हणाले, "आणि मीही हाक मारली नाही. मारायला हवी होती."

व्यापारी तिथून थेट बहिणीच्या सासरगावी गेला. पुतण्याच्या पडवीत अक्का तांदूळ निवडत बसली होती. त्याला पाहून तिने सूप बाजूला ठेवले, पाणी दिले, मुलीची चौकशी केली. त्याने खाली मान घालून सगळे सांगितले. बंडी, सुपाऱ्या भरलेली पेटी, ट्रंक, सगळे. काहीच लपवले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने असे केले असेल.

अक्काने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर ती बंडी मी खुंटीवरून हलू दिली नसती, बापू."

"माहीत आहे."

"तू मला बघून ती मांडीखाली लपवलीस ना, तेव्हा मला वाटलं, याला आता माझ्या हातचं शिवलेलं नको झालंय. माणसाचा संसार वाढला की असं होतं कधीकधी. म्हणून मी पुन्हा हात लावला नाही. एवढंच मनात आलं होतं माझ्या." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "पुढचं काही आलंच नव्हतं. ट्रंक उघडेपर्यंत."

त्याने तिचे पाय धरले. तिने त्याला उठवले, डोक्यावरून हात फिरवला आणि जेवायला वाढले. त्याच्या आवडीचे वाढले. मुलगी आत्याच्या नावाने झुरते आहे असे कळले, तेव्हा ती यायलाही तयार झाली. त्याला वाटले, सुटलो.

घरी येताच त्याने कोठीची किल्ली तिच्यापुढे धरली. अक्का म्हणाली, "राहू दे आता तुझ्याकडंच. माझी कंबर दुखते हल्ली." तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते.

ती पूर्वीसारखीच स्वयंपाकात हात घाली, मुलीच्या वेण्या घाली, हसे, बोलेही. पण कोठीत ती एकटी कधी गेली नाही. काही काढायचे झाले की भावजयीला हाक मारी आणि दोघी मिळून आत जात. बाहेर येताना ती उंबऱ्याशी थांबे, पदर सोडे, दोन्ही हातांनी तो पसरून झटके आणि पुन्हा खांद्यावर घेई. बायकोला आधी वाटले, पीठ लागले असेल. मुलीला तो खेळ वाटला आणि तीही आत्यासारखा आपला परकर झटकू लागली. व्यापाऱ्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हाच त्याला कळले. आपण काही नेत नाही, हे अक्का न सांगता दाखवत होती. मुद्दाम दाखवत होती असेही नव्हे. तिच्या हातांना आता ती सवयच लागली होती.

त्याने कोठीचे दार सताड उघडे ठेवून पाहिले, तरी ती झटकायचीच. पुढे तिनेच ते उघडे ठेवू दिले नाही. एकदा न राहवून तो म्हणाला, "अक्का, नको ना गं असं करूस." तिने नवलाने विचारले, "कसं?"

एका सणाला त्याने गुरुजींना आणि त्या शिष्याला जेवायला बोलावले. जेवणे झाली. अक्का भावजयीला घेऊन कोठीत गेली, सुपारी काढून घेतली आणि उंबऱ्याशी थांबून तिने पदर झटकला. मग तबक आणून पाहुण्यांपुढे ठेवले आणि ती मागच्या दाराशी जाऊन बसली. शिष्याने ते पाहिले आणि गुरुजींकडे पाहिले. गुरुजी हातातल्या सुपारीकडे बघत होते.

"गुरुजी," व्यापारी हळूच म्हणाला, "हे कधी थांबेल?"

त्यांच्याकडे बहुतेक प्रश्नांना उत्तर असे, म्हणून शिष्यही कान देऊन ऐकत होता.

"ते मला माहीत नाही, शेटजी," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात आतून अक्काची हाक आली, "बापू, आमचं झालं बरं का. कोठीला कुलूप लावून घे." आणि व्यापारी किल्ली घेऊन उठला.